नख आणि नळ

मनगटाच्या आतल्या बाजूला, वैद्य नाडी बघतात तिथंच, तीन रेघा. पहिली लांब, मधली तिच्याहून खोल, तिसरी पुसट. आधी त्या पांढऱ्या दिसल्या, मग गुलाबी झाल्या आणि मधल्या रेघेवर मोहरीएवढे चार-पाच लाल थेंब ओळीनं उभे राहिले. रत्नागिरीकडच्या एका घरातल्या सातवीतल्या मुलीनं ते थेंब रुमालानं टिपले, टॉपची लांब बाही मनगटावर ओढली आणि ती काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं अभ्यासाला बसली. पिल्लू घरात येऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. मासळीबाजारात टोपल्यांच्या मागे सापडलेलं, अडीच महिन्यांचं, किलोभरही न भरणारं. आईला कळलं तर मनीची रवानगी पुन्हा त्या टोपल्यांमागे होईल, एवढी एकच भीती तिला होती.

मांजर असलेल्या घरात अशी मनगटं, अशा बाह्या पुष्कळ असतात. मुलं बोचकारे लपवतात, मोठी माणसं ते मोजत नाहीत. मराठीत या जखमेला वेगळा शब्द आहे, हे लक्षात घेण्यासारखं आहे. खरचटतं ते रस्त्यावर पडल्यावर. ओरखडा कुंपणाच्या तारेचाही उठतो, फणसाच्या काट्याचाही. बोचकारा मात्र नखांचाच. त्यात कुणीतरी कुणालातरी मारलेलं असतं, म्हणजे मारणाऱ्याचं काहीतरी म्हणणं असतं. ते म्हणणं काय होतं हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पण त्याच्याकडे वळण्याआधी जखमेकडे बघायला हवं, कारण तिथं वेळ दवडून चालत नाही.

आजीला त्या रेघा संध्याकाळीच दिसल्या होत्या. तिनं नातीची बाजू घेतली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मांजराचं नख ते, काही होत नाही. चिमूटभर हळद लाव आणि गप्प राहा." आजीचं आयुष्य मांजरांत गेलं होतं. तिच्या अंगावर कितीतरी बोचकारे येऊन बुजले होते. तिचं म्हणणं अनुभवातून आलेलं होतं आणि बहुतेक बोचकाऱ्यांच्या बाबतीत ते खरंही ठरतं. घोटाळा होतो तो उरलेल्या थोड्यांच्या बाबतीत. यातला कुठला बोचकारा त्या थोड्यांमधला आहे, हे पहिल्या दिवशी त्वचेकडे बघून कुणालाच सांगता येत नाही.

मांजराचं नख जवळून बघितलं तर हे उमगतं. पुढच्या प्रत्येक पंजाला पाच आणि मागच्या प्रत्येकाला चार, अशी साधारणपणे अठरा नखं. प्रत्येक नख बोटाच्या शेवटच्या हाडावर बसवलेलं. मांजर निवांत असताना एक लवचीक बंध ते हाड मागे उचलून धरतो आणि नख बोटांच्या केसाळ खोबणीत मिटून राहतं. ते बाहेर काढायचं तर स्नायू आवळावा लागतो, तेव्हा कंडरा ओढली जाते आणि आकडा पुढे येतो. नख आत ठेवायला मांजराला कष्ट पडत नाहीत, बाहेर काढायला पडतात. शिवाय हे नख पापुद्र्यांचं असतं. बाहेरचा जुना पापुद्रा सुटून पडतो आणि आतून नवं, सुईसारखं टोक निघतं. पिल्लाची नखं तर इतकी बारीक की ती कापत नाहीत, टोचून ओढतात. म्हणूनच जखम वरून रेघेएवढी दिसली तरी आत अंदाजापेक्षा खोल गेलेली असू शकते.

आणि नखाखाली काय असतं? माती असते. शी पुरलेल्या वाळूचे कण असतात. मांजर दिवसभर पंजे चाटतं, म्हणून लाळ असते. पिसवा झालेलं मांजर असेल तर आणखी एक गोष्ट असते, पिसवांची विष्ठा. मनीच्या मानेवरचे केस मागे सारले तर कातडीला चिकटलेले काळ्या मिरीच्या भरडीसारखे कण दिसत होते. असे कण ओल्या पांढऱ्या फडक्यावर ठेवून जरा थांबलं, की त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरतो. पिसवांनी मांजराचं प्यालेलं, पचवून टाकलेलं ते रक्त. मांजर खाजवतं तेव्हा ते कण नखांत जातात, आणि नख माणसाच्या कातडीत जातं तेव्हा तेही सोबत जातात.

आईला तिसऱ्या दिवशी कळलं. भाकरीचं पीठ मळून देताना मुलीनं बाही वर केली आणि मग लपवायला काही उरलं नाही. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ती रागावली नाही. तिनं पीठ बाजूला सारलं, मुलीला मोरीत नेलं, नळ सोडला आणि कपडे धुवायच्या साबणाची वडी हातात घेतली. "आता? तीन दिवसांनी?" मुलीनं विचारलं. हो, आता. उशीर झाला असला तरी जखम धुवायचीच असते.

साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं. घरातल्या कुणालाही करता येण्याजोगं, फुकटचं हे काम आहे आणि तरीही ते क्वचितच नीट होतं. पंधरा मिनिटं म्हणजे किती, हे घड्याळ लावून नळाखाली हात धरल्याशिवाय कळत नाही. दोन मिनिटांत मूल म्हणतं, झालं ना? पाचव्या मिनिटाला मोठ्या माणसालाही वाटतं की पाणी वाया चाललं आहे. कुकरच्या शिट्ट्या होतात, दारावर कुणी येतं. तरी हात तिथंच धरायचा. फेस करायचा, हलक्या बोटांनी जखमेच्या आतपर्यंत न्यायचा, वाहू द्यायचा, पुन्हा फेस करायचा. घासायचं नाही. नळाला पाणी नसेल तर कुणीतरी तांब्यानं धार धरायची. पाण्याच्या धारेनं कण आणि जंतू वाहून जातात. रेबीजच्या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं, ते साबणानं विरघळतं आणि विषाणू निकामी होतो. साबण कुठलाही चालतो. मग कोरड्या स्वच्छ फडक्यानं टिपून पोव्हिडोन आयोडीन लावायचं आणि जखम शक्यतो उघडी ठेवायची. हळद, चुना, तिखट, तेल, तंबाखू, कॉफीची पूड यांतलं काहीही नको. ती जखमेत बसतात, कातडी चुरचुरवतात आणि धुण्याची जागा घेतात. आजीच्या हळदीवरचा खरा आक्षेप हाच. हळद लावली की आपण काहीतरी केलं असं वाटतं आणि नळ राहून जातो.

मांजराला संस्कृतात मार्जार म्हणतात. पुसणं, स्वच्छ करणं या अर्थाच्या धातूपासून तो शब्द आला आहे. मार्जन, संमार्जनी हे त्याचेच भाऊबंद. जिभेनं सारखं अंग पुसत बसणारा प्राणी तो मार्जार. त्याच्या नखावरचा उतारा मार्जनच असावा, हे शब्दानं जणू आधीच सांगून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी आई मुलीला घेऊन सरकारी रुग्णालयात गेली. बोचकाऱ्यासाठी रेबीजची लस, हे ऐकून शेजारी चकित झाले. कुत्रा चावला तर ठीक, पण मांजराचं नख? डॉक्टरांच्या हिशेबात मात्र यात नवल काही नसतं. जागतिक आरोग्य संघटनेची आणि आपल्याकडची राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना प्राण्यांच्या संपर्काचे तीन वर्ग करते. अखंड कातडीला नुसतं चाटलं किंवा हात लावला, खाऊ घातलं, तर पहिला वर्ग, लस नको. रक्त न आलेला ओरखडा, उघड्या कातडीला दातांनी केलेली कुरतड, हा दुसरा वर्ग. तिथं धुणं आणि लस. रक्त आलेला बोचकारा किंवा चावा, जखमेवर किंवा तोंडा-डोळ्यांच्या ओल्या त्वचेवर पडलेली लाळ, हा तिसरा. तिथं धुणं, लस आणि त्यासोबत जखमेत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, ज्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. मोहरीएवढे चार-पाच थेंब म्हणजे तिसरा वर्ग. मनी तीन महिन्यांचीही नव्हती, तिला लस टोचलेली नव्हती, आणि ती बाजारातून आलेली. बोचकाऱ्यातून रेबीज होणं विरळा असलं, तरी त्याची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून इथं विरळा या शब्दावर भिस्त ठेवून चालत नाही.

रांगेत उभं राहताना आजी घाबरलेली होती ती वेगळ्याच गोष्टीनं. "पोटात चौदा सुया देणार का पोरीला?" त्या भीतीला इतिहास आहे. हिमाचलातल्या कसौलीच्या संस्थेत डेव्हिड सेंपल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रेबीजची एक लस तयार केली, मेंढ्यांच्या मेंदूच्या ऊतीपासून. ती पोटाच्या कातडीखाली रोज टोचावी लागे, दिवसामागून दिवस. मुंबईच्या परळमधल्या हाफकिन संस्थेतही ती बनत असे. कित्येक पिढ्यांनी तिच्यामुळे जीव वाचवला आणि तिची धास्तीही घेतली. भारतात या जातीच्या लसीचं उत्पादन 2004 साली थांबलं. आता जी लस मिळते ती पेशींवर वाढवलेल्या विषाणूपासून बनते आणि दंडात दिली जाते. कातडीत द्यायच्या पद्धतीत चार भेटी लागतात, पहिला दिवस धरून 0, 3, 7 आणि 28. सरकारी रुग्णालयात त्यासाठी पैसे पडत नाहीत. वीस वर्षांपूर्वी संपलेल्या सुयांच्या भीतीनं आजही माणसं रांगेतून परत फिरतात, ही गोष्ट मनाला लागते. आजीनं त्या दिवशी नातीच्या दंडाकडे बघितलं, सुई आत गेली, बाहेर आली, आणि ती एवढंच म्हणाली, "इतकंच?" धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं, हेही डॉक्टरांनी विचारून घेतलं.

मनीवर दहा दिवस नजर ठेवायला सांगितलं होतं. ती दहा दिवस खात राहिली, खेळत राहिली, आणि रेबीजचा प्रश्न मिटला. चारही भेटी मात्र आईनं पूर्ण केल्या.

गोष्ट तिथं संपली नाही. बोचकाऱ्याच्या जागी आठवडाभरात एक लालसर पुटकुळी उठली होती, ती डासाची समजून सोडून दिली गेली. मग सोळाव्या की सतराव्या दिवशी मुलीला दप्तराचा पट्टा काखेत टोचायला लागला. काखेत सुपारीएवढी गाठ आली होती. दाबली की दुखत होती. अंग कसकसत होतं, ताप फारसा नव्हता. आजीनं बोटांनी चाचपलं आणि एका शब्दात निदान केलं, "अवधाण आलंय."

पायात काटा मोडला की जांघेत गाठ येते, हाताला जखम झाली की काखेत येते. जुन्या माणसांनी त्याला अवधाण असं नाव देऊन ठेवलं होतं आणि गाठ दिसली की ती आधी हातापायांवर जखम शोधत. शरीरशास्त्रात ती लसिकाग्रंथी, जंतूंना वाटेत अडवणारी चौकी. त्या पिढीकडे जंतूंची नावं नव्हती, पण जखमेचा आणि गाठीचा संबंध त्यांना ठाऊक होता. हळदीच्या बाबतीत चुकलेली आजी इथं पुरती बरोबर होती.

मांजराच्या बोचकाऱ्याचा हाच संबंध वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात यायला 1950 साल उजाडलं. पॅरिसमधले बालरोगतज्ज्ञ रोबेर दब्रे यांनी त्या वर्षी मांजराच्या नखांमुळे होणाऱ्या आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. गाठी सुजतात, त्यांचा क्षयरोगाशी संबंध नसतो, आणि चौकशी केली की घरात मांजर निघतं. कारण मात्र सापडेना. 1983 साली अमेरिकेत अशा गाठींच्या कापांवर चांदीचा रंग चढवला तेव्हा पहिल्यांदा त्यांत बारीक दंडगोल जंतू दिसले. पुढं त्या जंतूची ओळख पटली आणि त्याला बार्टोनेला हेन्सेली हे नाव मिळालं. त्यातला पहिला शब्द पेरूमधले डॉक्टर आल्बेर्तो बार्टन यांच्यावरून. दुसरा ओक्लाहोमातल्या एका प्रयोगशाळेत काम करणाऱ्या डायान हेन्सेल यांच्यावरून, कारण त्यांनी रुग्णांच्या रक्तातून तो जंतू वाढवला होता. त्याच्या प्रवासाची वाटही मग उलगडली. पिसू मांजराला चावते, जंतू मांजराच्या रक्तातून पिसवेत, तिथून विष्ठेत, विष्ठेतून नखात आणि नखातून माणसात. मांजराला बहुधा त्याचा काही त्रास जाणवत नाही. वर्षाच्या आतल्या पिल्लांमध्ये तो जास्त सापडतो, आणि पिल्लंच जास्त बोचकारतात.

अमेरिकेत दरवर्षी सुमारे 12,000 लोकांमध्ये या आजाराचं निदान होतं आणि 500 च्या आसपास रुग्णालयात दाखल होतात. तिथंही उष्ण, दमट दक्षिण भागात तो अधिक आढळतो, कारण पिसवांना तीच हवा मानवते. कोकणातल्या माणसानं हे वाचलं की त्याला आपल्या पावसाळ्याची आठवण होणारच. आपल्याकडे गळ्यात किंवा काखेत गाठ आली की पहिली शंका क्षयाची येते, आणि ती यायलाच हवी. पण डॉक्टरांसमोर बसल्यावर घरात मांजराचं पिल्लू आहे आणि त्यानं अमुक दिवशी बोचकारलं होतं, हे आपण होऊन सांगितलं तर तपासाची एक वाट लवकर उघडते. बोचकारा तोवर बुजलेला असतो आणि विचारल्याशिवाय तो कुणाला आठवत नाही.

मुलीची गाठ हळूहळू ओसरली. बऱ्याच जणांची अशीच आपोआप, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जिरते. कधी डॉक्टर ॲझिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक देतात. ज्यांची प्रतिकारशक्ती खालावलेली आहे, म्हणजे कर्करोगाचे उपचार चालू असलेले, अवयव बदललेले, एचआयव्ही असलेले, त्यांच्यासाठी हा जंतू साधा राहत नाही. त्यांनी लहानशा बोचकाऱ्यालाही डॉक्टरांना दाखवावं. मधुमेह असलेल्यांनीही दाखवावं. डोळ्याजवळचा बोचकारा असेल तर कुणीही त्याच दिवशी जावं. आणि मांजर चावलं असेल तर तासांचा हिशेब करावा. त्याचे सुळे सुयांसारखे असतात, वरून दोन बारीक भोकं दिसतात, ती मिटतात आणि आत पाश्चरेला नावाचा जंतू कोंडला जातो. चोवीस तासांच्या आत हात तांबडा होऊन सुजू शकतो. बोटाच्या सांध्यावर किंवा मुठीवर चावा असेल तर सूज येण्याची वाट बघत घरी बसू नये.

आता त्या म्हणण्याकडे, मनीच्या.

त्या संध्याकाळी काय घडलं होतं ते मुलीनं नंतर सांगितलं. ती सतरंजीखाली बोटं सरकवत होती आणि मनी त्यांच्यावर झडप घालत होती. सगळे हा खेळ खेळतात. किलोभराच्या जिवानं बोटाला चारही पायांनी मिठी मारावी, मागच्या पायांनी लाथा झाडाव्यात, याहून गोड दृश्य घरात दुसरं नसतं. पण पिल्लू त्यातून शिकतं की हात म्हणजे सावज. सहा महिन्यांनी तेच मांजर तिप्पट वजनाचं होतं, खेळ तोच असतो आणि मग घरची माणसं म्हणतात, मांजर उलटलं. मांजर उलटलेलं नसतं, त्यानं शिकवलेलं पाठ केलेलं असतं. आईजवळ आणि भावंडांत पुरेसे आठवडे राहिलेलं पिल्लू दंगामस्तीत जोर कुठं आवरायचा ते त्यांच्याकडून शिकतं. जोरानं चावलं की भावंड ओरडतं आणि खेळ थांबतो. लवकर वेगळं केलेल्या एकट्या पिल्लाला हा धडा माणसाला द्यावा लागतो, आणि तो मारून देता येत नाही. नख लागलं की हात न हिसडता सैल सोडायचा, खेळ तिथंच थांबवायचा, उठून जायचं. हात हिसडला की आकडा आणखी रुततो, रेघ लांबते. खेळायला हातभर काठीला बांधलेली दोरी, तिच्या टोकाला चिंधी किंवा पीस. सावज काठीच्या टोकाला, माणूस काठीच्या मागे.

मोठं मांजर बोचकारण्याआधी पुष्कळ बोलतं. मांडीवर बसलेलं असताना शेपटीचं टोक हलायला लागतं, मग सगळी शेपूट आपटायला लागते. पाठीवरची कातडी थरथरते, पाण्यावरून वारा जावा तशी. घुरघुर थांबते. कान बाजूला वळतात, मग मागे चपटे होतात. डोळ्यातली बाहुली मोठी होते. मान वळवून ते कुरवाळणाऱ्या हाताकडे बघतं. इतकं सगळं सांगून झाल्यावर पंजा उठतो. आपल्या लक्षात राहतो तो पंजा, आणि आपण म्हणतो की एकदम बोचकारलं. पोट वर करून लोळणाऱ्या मांजराचं पोट कुरवाळायला जाणं हाही असाच गैरसमज. पोट दाखवणं म्हणजे भरवसा दाखवणं, त्या जागी हात घालायची परवानगी त्यात नसते. गाल, कानामागची जागा, हनुवटी, इथं बहुतेक मांजरांची तक्रार नसते.

अंघोळ घालायचा हट्ट, टोपलीत कोंबून डॉक्टरकडे नेणं, दिवाळीत फटाक्यांच्या आवाजात छातीशी कवटाळणं, दोन बोक्यांच्या भांडणात हात घालणं, मोठे बोचकारे अशा वेळी होतात. निरोगी मांजराला अंघोळीची गरज सहसा नसते. नेण्याची टोपली आठ दिवस आधी घरात उघडी ठेवली, आत जुनं पांघरूण घातलं, तर मांजर आपण होऊन तिच्यात झोपायला लागतं. औषध पाजायचं तर बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसं चारही पाय आत घेऊन टॉवेलमध्ये गुंडाळावं, डोकं तेवढं बाहेर. भांडणारी मांजरं पुठ्ठा मध्ये सारून किंवा वरून चादर टाकून वेगळी करावीत. खिडकीबाहेरच्या परक्या बोक्यावर चवताळलेलं मांजर घरच्या माणसाच्या पायावरही राग काढतं. ते शांत होईपर्यंत त्याला एकटं सोडावं.

जुन्या घरातलं मांजर दिवसभर बाहेर असे. माडाच्या बुंध्यावर, गोठ्याच्या खांबावर, जळाऊ लाकडांच्या रचेवर ते नखं घासून येई. आता ग्रिलच्या मागे वाढणाऱ्या मांजराला सोफ्याखेरीज दुसरा बुंधा नसतो. नखं घासणं हा खोडकरपणा नाही. त्यानं जुना पापुद्रा सुटतो, बोटांमधल्या ग्रंथींचा वास मागे राहतो, पाठ आणि खांदे ताणले जातात. म्हणून घासायची जागा दिलीच पाहिजे. या घरात आजीनंच ती केली. एका लाकडी फळीला तिनं गोणपाट ठोकलं, वरच्या अर्ध्या भागाला सुंभ गच्च गुंडाळला आणि फळी भिंतीला अशी पक्की केली की ती हलणार नाही. हलणाऱ्या खांबावर मांजर पुन्हा पाय ठेवत नाही. उंची इतकी, की मोठं झाल्यावर मांजराला मागच्या पायांवर उभं राहून पुरतं ताणता यावं. जागा सोफ्याशेजारची, जिथं मनी झोपून उठते तिथली, कारण ताणायचं मन झोपेतून उठल्याबरोबर होतं.

नखं कापायचं काम मुलीकडे आलं. पिल्लू पेंगुळलेलं असताना ती त्याचा पंजा हातात घेऊन नुसती बसायची, पहिले आठ दिवस एवढंच. मग अंगठ्यानं बोट हलकेच दाबायचं, की नख पुढे सरकतं. उजेडासमोर धरलं की ते काचेसारखं दिसतं, आणि मुळाशी गुलाबी त्रिकोण. त्या त्रिकोणात रक्त आणि जाणीव दोन्ही आहे, तिथं कात्री न्यायची नाही. पुढचा पारदर्शक आकडा तेवढा टचकन कापायचा. चुकून रक्त आलंच तर कापसानं दाबून धरायचं, चिमूटभर कॉर्नफ्लोअर लावलं तरी थांबतं. एका बैठकीत दोन नखं, मग सुक्या बोंबलाचा तुकडा. अठरा नखांना नऊ दिवस लागतात, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पहिल्या नखाची पाळी येते. म्हाताऱ्या मांजराच्या बाबतीत हे आणखी निगुतीनं करावं लागतं, त्याची नखं वळून तळव्यात घुसू शकतात.

परदेशात काही ठिकाणी नखंच काढून टाकायची शस्त्रक्रिया चालत आली आहे. ऐकायला ती नखं कापण्यासारखी वाटते, पण नख शेवटच्या हाडावर उगवतं म्हणून त्यात प्रत्येक बोटाचं ते हाडच तोडावं लागतं. ब्रिटनमध्ये ती बेकायदा आहे, इस्रायलनं 2011 मध्ये तिच्यावर बंदी आणली, न्यूयॉर्क राज्यानं 2019 मध्ये. सोफा वाचवायला अठरापैकी पुढच्या पंजांच्या दहा बोटांची टोकं छाटणं, हे मांजर पाळणाऱ्या माणसानं मनातसुद्धा आणू नये.

पिसवांचं औषध मात्र टाळू नये. मानेच्या मागे, मांजराची जीभ पोचणार नाही अशा जागी टाकायचे थेंब मिळतात. ते पशुवैद्याला विचारून, मांजराच्या वजनाप्रमाणे आणि मांजरासाठीच बनवलेले घ्यावेत. कुत्र्यांच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं आणि मांजराला ते विष आहे. घरात कुत्राही असेल तर हे जास्तच जपावं. मनीला तीन महिने पुरे झाल्यावर रेबीजची पहिली लस मिळाली, आणि पुढच्या वर्षीची तारीख आईनं कालनिर्णयाच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली.

मुलीच्या मनगटावरची मधली रेघ अजून आहे, पांढरी, केसाएवढी, तिरप्या उन्हात दिसते तेवढीच. मनी दुपारची झोप झाली की फळीशी जाते, पुढचे दोन्ही पाय उंच नेते, पाठीची कमान करते आणि सुंभाचे धागे तटतट वाजू लागतात. ती गेल्यावर मुलगी गोणपाटाच्या विणीत बोटांनी शोधते. कधी तिथं नखाचा सुटलेला पापुद्रा अडकलेला सापडतो, अर्ध्या चंद्राच्या आकाराचा, आतून पोकळ, टोकाला अजून धारदार. असे सात झाले आहेत. कंपासपेटीत, खोडरबराच्या शेजारी, ती ते कागदाच्या पुडीत ठेवते, आणि पुडी बंद करून झाल्यावर मोरीत जाऊन हात धुऊन येते.